बाळाच्या ब्लँकेटचे चौकोन : ग्रुपवरची चर्चा

ए-२०३ : काकू, प्रत्येकाने चौकोन विणून द्यायचे आणि ते जोडून बाळासाठी ब्लँकेट करायचं असं ठरलंय खरं, पण हात वर केलेल्यांतल्या बऱ्याच जणींनी क्रोशाची सुई कधी धरलेलीच नाही. मी एक चौकोन पाहून ठेवलाय, मधोमध फूल आणि भोवती जाळी. फार गोड दिसतो. तोच सगळ्यांना पाठवू का?

सी-५०१ : थांब, जाळीचा नको गं. बाळाची बोटं छिद्रांत अडकतात. शिवाय मधून सुरू करून गोल-गोल विणत कोपरे काढायचे, हे नवीन हाताला पहिल्या दिवशी जड जातं. आपण सरळ ओळींत, पुढे-मागे विणायचा भरीव चौकोन घेऊ. त्याला दोनच टाके लागतात, मुका खांब आणि खांब. ते एकाआड एक घातले की दाणेदार पोत आपोआप येतो.

बी-३०४ : आपोआप कसा? मला वाटायचं उठावाचं काम म्हणजे फार कठीण असणार.

सी-५०१ : मुका खांब ठेंगणा असतो, खांब उंच. दोन ठेंगण्यांच्या मध्ये उंच खांब आला की त्याला सरळ उभं राहायला जागा मिळत नाही, तो वाकतो आणि थोडा बाहेर फुगतो. पुढच्या ओळीत खांबावर मुका खांब आणि मुक्या खांबावर खांब घालायचा, म्हणजे फुगवटे एकाखाली एक न येता तिरपे सरकतात. संत्र्याच्या सालीवरून बोट फिरवल्यासारखं हाताला लागतं. मला हा टाका मनापासून आवडतो. इतक्या कमी कष्टात इतकं देखणं दुसरं काही मी तरी शिकवलेलं नाही.

ए-२०३ : ठरलं मग, हाच.

डी-१०२ : वहिनी, सामान काय आणायचं? आमच्याकडे मी विणणार आहे, ही नाही.

सी-५०१ : वा, छानच! मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिमीची सुई. लोकर गुळगुळीत आणि फिक्या रंगाची घ्या. काळ्या, गडद निळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसतच नाहीत, आणि टाका दिसला नाही तर शिकणार कशावर? आणखी एक, हे सगळ्यांसाठी : सगळ्यांनी अ‍ॅक्रिलिकच घ्या. एकीने खरी लोकर आणि दुसरीने अ‍ॅक्रिलिक घेतलं तर गरम पाण्याच्या धुण्यात खरी लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक आटत नाही, आणि सगळं ब्लँकेट चुरगळल्यासारखं दिसतं. लोकरीच्या गुंडीच्या लेबलवर लॉट नंबर असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, एका रंगाच्या सगळ्या गुंड्या एकाच लॉटच्या घ्या. एरवी उन्हात फरक दिसतो.

बी-३०४ : किती लोकर लागेल?

सी-५०१ : पहिला चौकोन झाला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि गुणा. ६ इंचाचे चौकोन, आडवे ६ आणि उभे ८, म्हणजे ४८. त्यातून ३६ बाय ४८ इंचाचं ब्लँकेट होतं. जोडणीसाठी थोडी जास्तच धरा.

ए-२०३ : काकू, आता विणायचं कसं ते सांगा ना. मी सुई घेऊनच बसलेय.

सी-५०१ : सरकगाठ घाल आणि १९ साखळ्या घे. सुईवर दोरा घेऊन फासातून ओढून काढला की एक साखळी. साखळी सैल ठेव. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच साखळी आवळली जाते आणि मग चौकोन खालून अरुंद, वरून रुंद होतो. तुझी आवळत असेल तर फक्त साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घे.

सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब : सुई आत घाल, दोरा ओढून आण, सुईवर दोन फास होतील, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढ. पुढच्या साखळीत खांब : आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा, मग सुई आत घालून दोरा ओढ, सुईवर तीन फास होतील, दोरा घेऊन दोघांतून काढ, पुन्हा घेऊन उरलेल्या दोघांतून काढ. असं एकाआड एक. ओळीच्या शेवटी खांब यायला हवा आणि एकूण टाके १८ भरायला हवेत.

मग एक साखळी घे, काम उलटव. ती साखळी टाक्यांत धरायची नाही. पहिल्याच टाक्यात मुका खांब, पुढच्यात खांब. टाक्यांची संख्या सम असल्यामुळे प्रत्येक ओळ अशीच सुरू होते आणि अशीच संपते. लक्षात ठेवायला दुसरं काही नाही.

ई-४०१ : मी दोन व्हिडिओ पाहिले. एकात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच दुसरीकडे डबल म्हणतात. कुठलं खरं?

सी-५०१ : दोन्ही. पहिला अमेरिकन, दुसरा ब्रिटिश. ज्यात सिंगल हा शब्द येतो तो अमेरिकन समजा. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकन सिंगल, आणि आपला खांब म्हणजे अमेरिकन डबल. बाकी सगळं विसरा.

डी-१०२ : वहिनी, सुई पेनासारखी धरायची की सुरीसारखी? आणि मी डावखुरा आहे.

सी-५०१ : जशी हाताला सुखाची वाटेल तशी. डावखुऱ्यांनी डावीकडून उजवीकडे विणायचं, म्हणजे आरशात दिसतं तसं. व्हिडिओ आडवा उलटवून पाहता येतो, नातवंडांना सांगा, ते करून देतील. या टाक्यात डाव्या हाताचा चौकोन आणि उजव्या हाताचा चौकोन शेजारी ठेवले तरी ओळखू येत नाहीत.

बी-३०४ : काकू फोटो टाकलाय. बघा ना, माझा चौकोन एका बाजूने तिरका चाललाय.

सी-५०१ : पाहिला. वरच्या ओळीत १५ टाके आहेत, तीन कुठेतरी सुटले. ते नेहमी ओळीच्या शेवटी सुटतात. शेवटचा टाका काम उलटवल्यावर कडेला वळून बसतो आणि दिसेनासा होतो. प्रत्येक ओळीचा पहिला मुका खांब घातला की त्याच्या माथ्यात लगेच एक सेफ्टी पिन लाव. परतताना तोच शेवटचा टाका असतो, त्या पिनेच्या जागी खांब घालायचाच. आणि टाक्याचा माथा वरून नीट बघ, साखळीसारखे दोन धागे शेजारी शेजारी दिसतात. सुई दोन्हींच्या खालून गेली पाहिजे. तुझ्या फोटोत मधल्या काही ठिकाणी एकच धागा उचललाय, तिथे बघ आडवी रेघ उमटलीये.

बी-३०४ : मग सगळं उसवू?

सी-५०१ : १८ भरतात त्या ओळीपर्यंतच. क्रोशात सुईवर एकच फास असतो, त्यामुळे उसवायला भीती नसते. फास सुईवरून काढ, दोरा ओढ, हवं तिथे थांब, फास पुन्हा सुईवर घे.

ए-२०३ : किती ओळी करायच्या?

सी-५०१ : साधारण १४-१५ होतील, पण मोजू नकोस. चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरका दुमड. कडा जुळल्या की झाला. आपल्याला काठ, म्हणजे भोवतीची शेवटची फेरी, घालण्याआधी साडेपाच इंच हवेत.

ई-४०१ : माझा जेमतेम पाच इंच भरलाय. टाके १८ च आहेत, चारदा मोजले.

ए-२०३ : आणि माझा सहाच्या वर गेलाय! आता हे एकमेकांना जोडायचे कसे?

सी-५०१ : हेच मला सगळ्यांना नीट सांगायचं होतं. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोणी दोरा आवळून धरतं, कोणी सैल सोडतं. त्यात चूक-बरोबर काही नाही, आणि मुद्दाम सैल किंवा घट्ट विणायला जाऊ नका, दोन ओळींत हात मूळ सवयीवर येतो. सुई बदला. ई-४०१, तू साडेपाचची सुई घे. ए-२०३, तू साडेचारची. तरी जमलं नाही तर टाके १६ किंवा २० करा, फक्त सम ठेवा. आतले टाके ज्याचे त्याचे.

काठाचे टाके मात्र सगळ्यांचे एकसारखेच. चौकोन झाल्यावर भोवती मुक्या खांबाची एक फेरी घालायची. प्रत्येक कोपऱ्यात ३ टाके, दोन कोपऱ्यांच्या मध्ये १६. पूर्ण फेरीत ७६. ज्यांचे आतले टाके २० आहेत त्यांनी वर आणि खाली दोन-दोन टाके गाळा. ज्यांचे १६ आहेत त्यांनी दोन जागी एकात दोन घाला. उभ्या कडांना टाक्यांचे माथे नसतात, तिथे ओळींच्या टोकांत सुई घालून १६ बसवा, अंतर सारखं ठेवा. या फेरीने अर्धा इंच वाढतो आणि सहा पूर्ण होतात.

एवढं केलंत की जोडताना कोपऱ्याच्या मधल्या टाक्यापासून पुढच्या कोपऱ्याच्या मधल्या टाक्यापर्यंत प्रत्येक कडेवर २० टाके मिळतात. वीसला वीस. कुठलाही चौकोन कुठल्याही चौकोनाशेजारी बसतो, मग तो डी-१०२ चा असो की माझा.

डी-१०२ : हे फार बरं झालं. मी आपला १८ चाच हिशोब धरून बसलो होतो.

ई-४०१ : काठ घातल्यावर माझा थोडा वाकडा दिसतोय. इस्त्री फिरवू?

सी-५०१ : अजिबात नको! अ‍ॅक्रिलिकला तापलेली इस्त्री टेकली की धागा वितळल्यासारखा चपटा होतो, पोत जातो तो परत येत नाही. पाण्याने ओला कर, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ, मऊ पृष्ठभागावर पिना टोचून सहा इंचांवर ताण आणि सावलीत सुकू दे.

बी-३०४ : काकू, कडेला गोंडे लावायचे का? एक-दोन मणी?

सी-५०१ : नको. बाळ सगळं तोंडात घालतं. आणि देताना बाळाच्या आईला मी सांगेनच, तुम्हीही सांगा : वर्षाचं होईपर्यंत झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा पाळण्यात हे ठेवायचं नाही. सैल पांघरूण तोंडावर येऊ शकतं. बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला, आपल्या नजरेसमोर, तेव्हा वापरायचं.

ए-२०३ : हो, हे सांगायलाच हवं.

ई-४०१ : शेवटचा दोरा किती ठेवायचा? मी गाठ मारून अगदी जवळून कापणार होते.

सी-५०१ : कापू नकोस! ६ इंच तरी ठेव. मोठ्या नेढ्याची सुई घे, टोक टाक्यांच्या पोटातून एका दिशेने ओव, मग उलट ये, मग पुन्हा पहिल्या दिशेने. असं तीनदा ओवलं की धुण्यात निसटत नाही. नुसती गाठ सुटते, आणि तिथून चौकोन उसवत जातो. कोणाला टोकं ओवायचा कंटाळा असेल तर तसेच लोंबते चौकोन माझ्याकडे पाठवा, मी ओवीन. फक्त दोरा आखूड कापलेला नको.