धातू गंजण्याआधी चोरीला जाईल

पुरलेल्या अणुकचऱ्याचा धोका पुढच्या पिढ्यांना सांगणाऱ्या खुणांसाठी टायटॅनियमच्या पाट्या वापराव्यात, अशी एक सूचना आहे. टायटॅनियम गंजणार नाही हे खरे, पण ते उचलून नेले जाईल. रोमच्या कलोसियममधल्या दगडांना जोडणारे लोखंडी आकडे मध्ययुगात लोकांनी कोरून काढले, त्याची भोके आजही दिसतात. म्हणून खुणेच्या साहित्याला बाजारात किंमतच नसावी.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादजवळ मिठाच्या थरात सुमारे ६५५ मीटर खोल अणुकचरा ठेवतात. तिथल्या खुणांच्या आराखड्यात वर सुमारे १० मीटर उंच मातीचा बांध आहे. त्यात चुंबके आणि रडार-परावर्तक पुरायचे, म्हणजे खांब पडले तरी उपकरणांना जागा वेगळी जाणवेल. ग्रॅनाइटच्या खांबांवर सात भाषांत मजकूर: संयुक्त राष्ट्रांच्या सहा आणि स्थानिक नवाहो. मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो जमिनीत विखरून पुरायच्या, साधारण २३ सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्यांचा. त्या ग्रॅनाइट, भाजलेली माती आणि अॅल्युमिनियम ऑक्साइड अशा तीन पदार्थांच्या, कारण एक पदार्थ झिजला तरी दुसरा उरावा. खोदणाऱ्याला कचऱ्याच्या कितीतरी आधी त्या लागतील.

किरणोत्साराच्या तीन पात्यांच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. ते १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ठरले आणि शिकवल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच २००७ मध्ये कवटी आणि पळणारा माणूस असलेले पूरक चिन्ह आणावे लागले.