ठोकून पुढं गेलास, तर जागा परत द्यायची का नाही?

तांबडा_पांढरा
रविवारी रात्रीची रेस ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आपल्या ऑनलाइन रेसिंग गेमची नेहमीची लॉबी (एकत्र खेळायची खोली), इटलीतला मोंझा ट्रॅक, जीटी३ क्लासच्या स्पोर्ट्स गाड्या, ४५ मिनिटं, १६ जण. शेवटच्या दोन लॅप राहिलेल्या. मी तिसरा, माझ्या मागं बावड्याचा बादशहा. मेन स्ट्रेट संपून पहिल्या शिकेनला (लागोपाठ उजवं-डावं तीव्र वळण) येताना मी दीडशेच्या पाटीच्या (वळण दीडशे मीटरवर असल्याची खूण) जरा आत ब्रेक मारला, सगळी रेस मारत होतो तिथंच. ह्यानं शंभरची पाटी गेली तरी ब्रेक मारलेला नव्हता. आत घुसला, माझ्या उजव्या मागच्या चाकाला नाक लावलं, मी गरागरा फिरलो. सरळ होऊन रस्त्यावर येईपर्यंत नववा. हा तिसरा आला आणि वर आपल्या डिस्कॉर्ड चॅटवर नाद खुळाचे स्टिकर.

चूक होते. माझ्याकडूनही झाल्यात. पण ठोकून जागा मिळाली तर पुढं जरा सेफ जागी थांबायचं, समोरच्याला पुढं सोडायचं आणि मग परत लढायचं, एवढी साधी रीत पाहिजे का नको? मी विचारलं तर उत्तर मिळालं, "रेसिंग हाय, हळदीकुंकू न्हाई."

तर बोला. आपल्या लॉबीत धडकेला आपोआप पेनल्टी लागत नाही. म्हणजे ती चालते असं समजायचं का?

बावड्याचा_बादशहा
हळदीकुंकू म्हटलं ते खरंच हाय, मागं घेत न्हाई.

गॅप दिसली, गेलो. गॅप दिसून बी जो जात न्हाई तो रेसर न्हवं, हे एफ-वनचा चॅम्पियन सेन्ना सांगून गेलाय, मी न्हवं. आता तुझी ती रीत बघू. तू फिरून नववा झालास. तुझी वाट बघत मी थांबायचं म्हंजे मी बी नववा. मधल्या पाच-सहा जणांना काय कष्ट न करता वरची जागा. त्यांनी काय पुण्य केलंय? आणि थांबायचं कुठं? शिकेनच्या म्होरं सगळं फुल थ्रॉटल हाय. मी तिथं रेंगाळलो की मागचा माझ्या बुडात. मग त्याला कोण थांबणार?

एकाला नुसता धक्का लागला, तो एक जागा मागं गेला, तर दे की परत. मी बी देतो. पण फिरलेल्या गाडीचं देणं फेडता येत न्हाई भावा. हिशोबच बसत न्हाई.

राजारामपुरी_९वी_गल्ली
सेन्नाच्या त्या वाक्याची तारीख कोणी बघत नाही म्हणून सांगतो. १९९० ची जपानमधली सुझुकाची एफ-वन रेस. पहिल्याच वळणावर सेन्नानं टायटलच्या शर्यतीतल्या प्रॉस्टला ठोकलं, दोघं बाहेर, टायटल सेन्नाला. त्याच्या पुढच्याच रेसला, ॲडलेडला, जुना चॅम्पियन जॅकी स्टुअर्टनं मुलाखतीत त्याला धडकांवरून खोदून विचारलं, तेव्हा चिडून दिलेलं ते उत्तर आहे. आणि १९९१ ला तिसरं टायटल खिशात पडल्यावर त्यानं स्वतःच कबूल केलं की आदल्या वर्षी मुद्दाम केलं होतं. म्हणजे निम्म्या जगाच्या टी-शर्टवर जे छापलंय ते एका ठरवून केलेल्या धडकेच्या बचावातलं वाक्य आहे.

बादशहाचा नववा-तिसऱ्याचा हिशोब मात्र मला पटला.

बावड्याचा_बादशहा
तारीख कळली. टायटल कुणाकडं ऱ्हायलं? सेन्नाकडंच. १९९४ ला ॲडलेडमध्ये शुमाकर-हिलचं बी तेच. ठोकलं, टायटल शुमाकरला.

राजारामपुरी_९वी_गल्ली
आणि १९९७ ला हेरेथमध्ये त्याच शुमाकरनं विलनव्हवर गाडी घातली. स्वतः वाळूत रुतून बसला, विलनव्ह चॅम्पियन, आणि वर एफआयएनं (एफ-वन चालवणारी संघटना) शुमाकरचं नाव त्या वर्षीच्या चॅम्पियनशिपमधूनच काढून टाकलं. अर्धीच गोष्ट सांगू नकोस.

पिंग_२००
चंदगडकडून बोलतोय, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. माझं पण ऐका, कारण तुमच्यातले निम्मे लोक मला "डायव्हबॉम्बवाला" म्हणतात, म्हणजे उशिरा ब्रेक मारून आत घुसणारा.

साधा गुणाकार करा. २५० च्या स्पीडला गाडी एका सेकंदाला साधारण ७० मीटर जाते. माझा पिंग, म्हणजे नेटवरून बातमी यायला लागणारा उशीर, २०० मिलिसेकंद. म्हणजे तुम्ही मला दिसता त्यापेक्षा खरे जवळपास १४ मीटर पुढं असता, जीटी३ च्या तीन गाड्यांची लांबी. गेम मधली जागा अंदाजानं भरतो. सरळ रस्त्यावर अंदाज बरोबर येतो, कारण तुम्ही सरळच जाताय. ब्रेक मारला की घोळ, कारण तुम्ही ब्रेक मारलाय ही बातमी माझ्यापर्यंत उशिरा येते. माझ्या स्क्रीनवर दोन गाड्यांचं अंतर असतं, तुमच्या स्क्रीनवर मी डिकीत असतो. शिव्या मला.

म्हणून मी आता कुणाच्या पाठीला लागतच नाही, ब्रेकिंगला तर नाहीच. चौदावा येतो, सुखानं जेवतो. मागच्या आठवड्यात तर लाईटच गेली, तेव्हा मात्र कुणी मला दोष दिला नाही.

तांबडा_पांढरा
तुझं समजू शकतो. पण बादशहाचा पिंग ३० च्या आत असतो. त्याच्याकडं फायबर आहे आणि तो दर आठवड्याला सांगतो.

शिवाजीपेठवाली
मी जरा वेगळं बोलतो. (पोरगीच हाय मी. बाहेरगावच्यांसाठी: कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो, दुरुस्त करायला येऊ नका.)

तांबडा दादा, तुझी रीत चांगली हाय, पण ती ओळखीच्यात चालते. एका मोठ्या गेमच्या पब्लिक लॉबीत मी नवीन होतो तेव्हा माईकवर आवाज ऐकला की पुढच्या वळणाला ठोकायचे. जागा परत द्यायचं सोडा, हसायचे. तिथं "खेळाडूवृत्ती दाखवा" म्हणून काय उपयोग होता? नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, परत भेट नाही.

मग मी आयरेसिंगवर गेलो, तो बी ऑनलाइन रेसिंगचाच गेम. तिथं २००८ पासून एकच पद्धत हाय: चूक कुणाची ते विचारतच नाहीत. चाकं रस्त्याबाहेर गेली, १ पॉइंट. गाडीचा ताबा सुटला, २. दुसऱ्या गाडीवर जोरात आदळलं, ४, आणि ते दोघांनाही. ज्यानं मारलं त्याला आणि ज्यानं खाल्लं त्याला. पॉइंट साठले की सेफ्टी रेटिंग खाली, आणि लायसन्सची वरची पायरी बंद.

पहिले दोन महिने मी कीबोर्ड फोडायच्या बेतात होतो. मला मागनं मारलंय आणि मलाच ४? पण नंतर एक गंमत झाली. मी आरशात बघायला लागलो. मागचा लांबनं ब्रेक न मारता येतोय असं दिसलं की मी आधीच बाहेरनं जागा सोडून द्यायचो, तो सरळ घसरत जायचा, मी आतनं परत पुढं. हे मला कुणाच्या भाषणानं शिकवलं नाही, त्या अन्यायानं शिकवलं.

तांबडा_पांढरा
म्हणजे ठोकणाऱ्याला वाट करून द्यायची? घाबरवतो तो राजा?

शिवाजीपेठवाली
रेस संपवायची असेल तर द्यायची. तू रविवारी दिली असतीस तर चौथा आला असतास. नववा आलास.

कार्टवाला
मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची खरी रेस) केलेलं कोणी आहे का इथं? आपल्या गावात नॅशनल कार्टिंगच्या रेसेस होतात आणि आपण चर्चा मोंझाची करतोय, असो.

कार्टमध्ये एकदा बाजूनं ठोक्कर खाल्ली की चार दिवस खोकताना बरगडी आठवण करून देते. त्यामुळं दुसऱ्याला मारताना हात आपोआप आखडतो. शिवाय दुसऱ्या दिवशी पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागं गाड्या लावायची जागा) त्याचे वडील भेटतात. गेममध्ये दोन्ही नाही, ना बरगडी ना वडील.

तरीही तिथं सभ्यतेवर कोणी सोडलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये २०१५ पासून पुढचा बंपर मुद्दाम अशा क्लिपांवर बसवतात की पुढच्या गाडीला जोरात धडकलं की तो मागं सरकतो. रेस संपल्यावर बंपर सरकलेला दिसला की टाइम पेनल्टी. "मुद्दाम नाही केलं हो" हे बंपरला ऐकू येत नाही. हे आलं आणि ढकलाढकली बरीच आटोक्यात आली. शिवाजीपेठवालीशी सहमत.

तांबडा_पांढरा
सहमत व्हा, पण मुद्दा बाजूला जातोय. मशीन लावली की माणूस मशीनला फसवायला शिकतो. आणि फसवणारे नवशिकेच असतात असं नाही. मे २०२० आठवा. कोरोनात खऱ्या रेसेस बंद, अमेरिकेतल्या इंडीकार रेसिंगवाल्यांनी आयरेसिंगवर इंडियानापोलिसची रेस लावली होती. एफ-वनचा लँडो नॉरिस जिंकायच्या बेतात. आदल्या वर्षी खरी इंडी ५०० जिंकलेला सिमॉन पाजेनो स्वतः आधी भिंतीला लागलेला, त्यानं लाइव्ह सुरू असताना बोलून दाखवलं की आता ह्याला बाहेर काढतो, आणि समोर गाडी हळू करून काढलाच. खऱ्या गाडीत ३५० च्या वर असताना त्याच्या मनात तरी आलं असतं का हे? समोर स्क्रीन आहे म्हणून आलं. माझं भांडण त्या "स्क्रीन आहे म्हणून"शी आहे.

बावड्याचा_बादशहा
मला पाजेनोच्या ओळीत बसवलंस व्हय! बरं. मी गप होतो, पण आता रिप्ले टाकतो. ४१:१२ ला लावा, वरचा कॅमेरा. माझं नाक बघू नका, तांबड्याची गाडी बघा. ब्रेक लाईट लागल्यावर.

राजारामपुरी_९वी_गल्ली
आठ-दहा वेळा बघितला, स्लो करून. जे दिसतं ते लिहितो, दोघांनीही रागवू नये.

पॅराबोलिकातून (मेन स्ट्रेटच्या आधीचं शेवटचं वळण) बाहेर पडल्यावर तांबडा एकदा उजवीकडं येतो, आतली बाजू झाकतो. हक्काचं आहे, एक मूव्ह चालते. मग परत डावीकडं रेसिंग लाईनवर जातो. हेही चालतं, काठाला एक गाडी मावेल एवढी जागा सोडली तर. उजवीकडं आता दीड गाडीची जागा उघडी. बादशहा तिथं नाक घालतो. बादशहा, तुझं नाक तेव्हा त्याच्या मागच्या चाकाशी आहे, दाराशी नाही. तिथून वळणावर हक्क सांगता येत नाही, आणि तुझा ब्रेक शंभरच्या पाटीनंतरच आहे, त्यात वाद नाही.

पण तांबड्याचा ब्रेक लाईट लागल्यावर त्याची गाडी उजवीकडं सरकते. अर्धी गाडी, कदाचित जरा जास्त. वळण अजून सुरू झालेलं नाही. ब्रेकिंगमध्ये लाईन बदलणं म्हणतात ते हेच. मागच्यानं एकदा ब्रेक दाबला की त्याला दुसरीकडं जाता येत नाही, म्हणून हे सगळ्यात वाईट. एफ-वनचा व्हर्स्टापेन हेच करायचा म्हणून २०१६ मध्ये एफ-वनला मधेच वेगळी सूचना काढावी लागली होती.

तू सरळ राहिला असतास तर तो आतून घसरत पुढं गेला असता, शिकेन चुकवली असती आणि तू तिसराच राहिला असतास.

तांबडा_पांढरा
बघितलं.

उजवीकडं आलो हे खरं आहे. रेस चालू असताना मला शपथेवर वाटत होतं की मी सरळ होतो. अर्धी गाडी म्हणू नका पण, पाव म्हणा.

आणि तरी शंभरनंतर ब्रेक म्हणजे शंभरनंतरच ब्रेक.

जुना_खेळाडू
पोरांनो, मी गेम खेळत नाही, नातू खेळतो, त्याच्या खांद्यावरनं बघतो. तालमीत वाढलेला माणूस आहे, एकच सांगतो.

खासबाग मैदान शाहू महाराजांनी वाटीसारखं बांधून घेतलं. मधोमध आखाडा आणि भोवतीनं चढत गेलेली बसायची जागा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पाय कुठं अडकलाय ते दिसतं. डोळ्यात बोट घातलं, अंगठा पिरगाळला, तर पंचाच्या आधी मैदान ओरडतं. त्या ओरडण्याची जी भीती असते ती पंचाची नसते. तिथले पैलवान काय आमच्यापेक्षा संत होते असं नाही. सगळ्यांना दिसत होतं.

तुमच्या लॉबीत १६ जण खेळणारे आणि बघणारं कोण नाही. आज तुम्ही हा रिप्ले टाकला तर दोघांचीही भाषा दोन तासांत बदलली. मग प्रत्येक रेसनंतर टाका की. भांडण झालेल्या जागेचाच, सगळा नको, कुणाला वेळ आहे.

बावड्याचा_बादशहा
आण्णा, ते मान्य. पण निकाल कोण देणार? पेठेतला पंच नको. शाहू स्टेडियमला पेठांच्या फुटबॉल मॅचला मी ल्हानपणापासनं बसतोय, रेफ्रीचं काय होतंय ते बघितलंय.

शिवाजीपेठवाली
पेठेत काय वाईट हाय रे?

कार्टवाला
जे त्या रेसला नव्हते त्यातले तिघं. दोघांचं एकमत झालं की निकाल. दोषी असेल त्याला पुढच्या रेसला शेवटून सुरुवात. जागा परत द्यायची ती फक्त लगेच देता येत असेल तेव्हाच, एका जागेचा फरक असेल तर. फिरलेल्या गाडीचा निकाल रिप्लेवर.

पिंग_२००
माझ्या बाबतीत तीन गाड्यांची सूट धरा.

राजारामपुरी_९वी_गल्ली
सूट नाही, तू आधीच सुखानं जेवतोयस.

रविवारचा निकाल मी आणि कार्टवाल्यानं आत्ता फोनवर ठरवला, तिसरा पंच झोपलाय. बादशहा शेवटून सुरू करणार. तांबड्याला ताकीद, ब्रेकिंगमध्ये परत हललास तर तूही.

बावड्याचा_बादशहा
शेवटून तर शेवटून. १५ जणांना पास करून येतो, बघा. तांबड्या, पहिल्या शिकेनला गाठ पडंल. उजवीकडं येऊ नगंस.

तांबडा_पांढरा
तू शंभरच्या आधी ब्रेक मार, मी हलत नाही.