मुंबईत फिल्मवर निसर्गचित्रण आणि घरच्या घरी डार्करूम : सुरुवात कशी करावी?

खाडीकाठ (प्रश्न)
नमस्कार. डिजिटल कॅमेऱ्याने सह्याद्रीतील निसर्गचित्रे काढण्याचा माझा छंद जुना आहे. आता कृष्णधवल फिल्मकडे वळण्याची इच्छा आहे. वडिलांचा पस्तीस मिलिमीटरचा यांत्रिक कॅमेरा चालू स्थितीत आहे. रोल धुऊन स्कॅन करून देणारे मुंबईत आहेत; परंतु मला प्रिंटपर्यंतचे सगळे काम स्वतःच्या हाताने शिकायचे आहे. आम्ही परळला दोन खोल्यांच्या घरात राहतो, पाणी ठरावीक वेळेतच येते आणि न्हाणीघर सोडल्यास पूर्ण अंधार करता येईल अशी जागा नाही. अशा घरात डार्करूम शक्य आहे का, आणि पावसाळ्यात घाटात चित्रे काढायची असल्यास फिल्म व फिल्टर कोणते घ्यावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लाल दिवा
आपण फिल्मपासून सुरुवात करू पाहत आहात. माझ्या मते आधी मुद्रणाची (निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढण्याची) सोय करावी आणि रोल मागाहून घ्यावेत. निगेटिव्ह चांगली आहे की नाही हे ती उजेडासमोर धरून नवशिक्याला समजत नाही. ते कागदच सांगतो. म्हणून एकच फिल्म, एकच डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) आणि एकच कागद घेऊन पहिला हंगाम काढावा. एफपी४ प्लस (१२५ आयएसओ) किंवा एचपी५ प्लस (४०० आयएसओ) ही फिल्म, सोबत आयडी-११ किंवा डी-७६ हा डेव्हलपर, आणि रेझिन-कोटेड (प्लॅस्टिकचा थर दिलेला) मल्टिग्रेड कागद, म्हणजे फिल्टर बदलून ज्याचा कॉन्ट्रास्ट बदलता येतो तो, एवढे पुरेसे आहे.

पहिले काम म्हणजे कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून मूळ आकारात काढलेली एकत्र प्रिंट), आणि ती नीट काढण्याची एक शिस्त आहे. फिल्मची चित्राबाहेरची कोरी कड ज्या कमीत कमी वेळात कागदावर पूर्ण काळी उमटते, तो वेळ ग्रेड २ च्या फिल्टरवर टेस्ट स्ट्रिप (टप्प्याटप्प्याने वेगवेगळा वेळ दिलेली कागदाची पट्टी) काढून शोधावा आणि एन्लार्जरची (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राची) उंची व लेन्सचे छिद्र न बदलता पुढची प्रत्येक शीट त्याच वेळाने काढावी. मग शीट स्वतःच बोलू लागते : सावल्या काळ्याठिक्कर आल्या तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला होता, आणि सावल्या ठीक असून ढग कोरे पांढरे राहिले तर डेव्हलपिंग जास्त झाले. स्कॅनरचे सॉफ्टवेअर हे दोष परस्पर झाकून टाकते, त्यामुळे केवळ स्कॅनवर शिकणाऱ्याला त्यांचा पत्ता लागायला फार उशीर होतो.

मल्टिग्रेडचे फिल्टर ०० ते ५ असे मिळतात आणि आकडा वाढेल तसा कॉन्ट्रास्ट वाढतो. इल्फर्ड कंपनीच्या संचात ०० ते ३½ पर्यंत एक्सपोजर (कागदाला द्यायचा उजेड) साधारण तेच राहते, ४ आणि ५ ला मात्र ते दुप्पट द्यावे लागते. आकाश बर्न करताना, म्हणजे तेवढ्या भागाला जादा उजेड देताना, ०० किंवा ० लावून पाहावे. ढगांत तपशील येतो आणि डोंगराच्या कडेवर काळी झालर उमटत नाही. एन्लार्जरसाठी फोर्टमधील बोरा बाजारात चौकशी करावी. पस्तीस मिलिमीटरला ५० मिलिमीटरची लेन्स लागते, आणि तिच्यावर बुरशी नाही ना, हे टॉर्च लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घाटमाथा
मुद्रणाबद्दल वर लिहिलेले सर्व मान्य आहे, पण निसर्गचित्रांत निम्मे काम कॅमेऱ्याजवळच होते, म्हणून थोडी भर घालतो. निसर्गचित्र म्हटले की लाल फिल्टर, असा सल्ला आपल्याला बहुधा मिळेल. मोकळ्या निळ्या आकाशासाठी तो ठीक आहे. श्रावणातल्या सह्याद्रीसाठी मी तो सुचवणार नाही. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, त्यामुळे लाल फिल्टरमागे आपले हिरवेगार उतार कोळशासारखे काळे येतात. शिवाय लाल फिल्टर दूरचा निळसर धूसरपणा कमी करतो, पण धुक्यातील थेंब सर्वच रंगांचा प्रकाश विखुरतात, त्यामुळे तेथे त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. पावसाळ्यात पिवळा-हिरवा फिल्टर घ्यावा. गवत आणि पाने उजळ येतात आणि उतारांचे थर वेगळे दिसतात. लाल फिल्टर सुमारे तीन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट), आणि ढगाळ हवेत तेवढे परवडतही नाही.

मोजमापाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी : उजेड मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम करडी धरतो. त्यामुळे फक्त धुके मोजले तर ते मळकट येते. तेथे एक ते दीड स्टॉप जास्त द्यावा. नाणेघाटासारख्या ठिकाणी ओला काळा कातळ चित्रात महत्त्वाचा असेल, तर जवळ जाऊन तेवढाच मोजावा आणि आलेल्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्यावे, म्हणजे कातळ काळा राहूनही त्याचा पोत टिकतो. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीतला (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे क्रमवार टप्पे पाडण्याच्या पद्धतीतला) हा तिसरा झोन. पूर्ण पद्धत शिकण्याची घाई नको. एवढा एक झोन नीट सांभाळला तरी पुष्कळ झाले.

खाडीकाठ
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तापमान आणि पाणी यांची चिंता मात्र अजून आहे. पुस्तकांत रसायनांसाठी सर्वत्र २० अंश सेल्सिअस लिहिलेले असते आणि आमच्या नळाचे पाणी मे महिन्यात हाताला कोमट लागते.

न्हाणीघरातली डार्करूम
२० अंशांचा हट्ट मुंबईत धरू नये. २४ अंश धरावेत. बर्फ घातलेल्या घमेल्यात रसायनांच्या बाटल्या ठेवल्या की तेवढे तापमान सहज साधते. आयडी-११ एकास एक पाणी घालून वापरल्यास एफपी४ ला २० अंशांवर ११ मिनिटे लागतात, २४ वर आठच्या आसपास. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की डेव्हलपिंग असमान होण्याचा धोका असतो, म्हणून कडक उन्हाळ्यात डेव्हलपर पातळच वापरावा. डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सर्व पाणी एकाच तापमानाचे असावे, हे २० की २४ यापेक्षा महत्त्वाचे आहे.

फिल्म धुण्यास वाहता नळ लागत नाही. डेव्हलपिंगच्या टाकीत (फिल्म ठेवण्याच्या छोट्या बंद डब्यात) पाणी भरून ती पाच वेळा उलटी-सुलटी करावी, पाणी ओतून नवे भरावे, मग दहा वेळा, नंतर वीस वेळा. ही इल्फर्डने सुचवलेली पद्धत आहे आणि तीन टाक्या पाण्यात काम होते. रेझिन-कोटेड कागद दोन मिनिटांत धुऊन होतो. फायबर कागद (प्लॅस्टिकचा थर नसलेला) दिसायला सुंदर, पण तो तासभर पाणी मागतो. परळच्या घरात सध्या त्याच्या वाटेला जाऊ नका.

एन्लार्जर न्हाणीघराबाहेर, ओल्या हातांपासून आणि ओल्या फरशीपासून दूर ठेवावा. रात्री खोलीला काळे पडदे लावून अंधार करता येतो, आणि ट्रे तेवढे आत न्हाणीघरात मांडावेत. दमट हवेत टाकीतल्या प्लॅस्टिकच्या रीलवर फिल्म चढवताना ती अडकते, तेव्हा रील पूर्ण कोरडी करून घ्यावी आणि चेंजिंग बॅगेत (आत हात घालून अंधारात काम करण्याच्या काळ्या पिशवीत) हात घामेजण्यापूर्वी काम उरकावे. फ्रीजमधील रोलची डबी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर फिल्मवर दव धरते.

फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्के करणारे रसायन) संपला की नाही हे ओळखण्यासाठी फिल्मचा कापलेला तुकडा त्यात टाकून पाहावा. पारदर्शक होण्यास ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागला तर तो बदलावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, म्हणून तो मोरीत न ओतता कॅनमध्ये साठवावा आणि चांदी काढून घेणाऱ्यांकडे द्यावा.