खुन्नस देणाऱ्याला पुढे जाऊ द्या
"एकदा गाडी ताणून दाखवली की मागचा गप्प बसतो" असा सल्ला हायवेवर मागून खुन्नस देणाऱ्याबद्दल काही जण देतात, तो धोक्याचा आहे. तुमची पोलो जीटी किंवा एन लाइनसारखी वेगवान गाडी दिसली की अप्पर-डिप्पर मारत बंपरला चिकटणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. त्याला धडा शिकवायला ब्रेकही मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, इंडिकेटर देऊन डावीकडे या. गिअर खाली टाकू नका. इंजिनाचा आवाज चढला की त्याला तो होकार वाटतो.

100 च्या वेगात कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर थांबायला साधारण 50 मीटर लागतात, 140 ला जवळपास दुप्पट. समोर ट्रकने अचानक लेन बदलली तर चांगल्या टायरमुळे तुम्ही थांबाल, तो मागून घुसेल.

शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि डिवचलं कोणी ही सबब तिथे चालत नाही. तरीही पाठ सोडत नसेल तर टोलनाक्यावर थांबून 112 लावा.