स्नोमोबिलचा मागचा बंपर घरच्या घरी: रिव्हेट की बोल्ट? (फोरमवरची चर्चा, प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उत्तरवारा

अमेरिका-कॅनडात मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारिओकडे स्नोमोबिल (पुढे स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी) ठेवणाऱ्या मराठी मंडळींकडून दर मार्चमध्ये हाच प्रश्न येतो: मागचा बंपर वाकला किंवा एका बाजूने उखडला, दुकानात मजुरी जास्त सांगतात, घरी कमी पैशात होईल का? होतं, एका शनिवारी होतं. पण बहुतेक जण जुने रिव्हेट (पत्रे कायमचे जोडणाऱ्या धातूच्या खिळी) काढून त्या जागी बोल्ट ठोकून मोकळे होतात, आणि माझा विरोध त्याला आहे. कारखान्यात जिथे रिव्हेट होता तिथे रिव्हेटच जायला हवा.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. पट्ट्याच्या वर उलट्या यू-आकाराचं अॅल्युमिनियमचं खोकं असतं, त्याला टनेल म्हणतात. त्याच्या शेवटी नळीचा बंपर बसतो आणि बंपरच्या आधाराने स्नो फ्लॅप (मागे लोंबणारा प्लास्टिकचा पडदा) आणि मागचा दिवा. बंपर शोभेचा नाही. गाडी भुसभुशीत बर्फात रुतली की दोघं जण तिथेच धरून मागची बाजू उचलतात, आणि गाडीचं कोरडं वजनच दोनशे-अडीचशे किलो असतं.

आता काम. आधी दिव्याचा कनेक्टर सोडवा. मग जुना रिव्हेट. थेट ड्रिल लावलं तर आतल्या पोलादी कांडीवर (मँड्रेल) बिट घसरतो आणि टनेलच्या रंगावर ओरखडे पडतात. म्हणून पहिल्यांदा ३ मिमीच्या पिन-पंचने कांडी आत ठोकून पाडा. मग ३/१६ इंची कोबाल्ट बिट, कमी वेग, आणि ड्रिल फक्त टोपीपुरतं. टोपी कड्यासारखी बिटवर चढून आली की थांबा. उरलेला देह पंचने आत ढकला. रिव्हेट जागच्या जागी फिरायला लागला तर टोपीखाली पातळ पट्टी सारून दाबून धरा, नाहीतर तासभर तो नुसता फिरत राहील.

नवीन बंपर लावताना ३/१६ च्या रिव्हेटला भोक सुमारे ४.९ मिमी हवं, १/४ च्या रिव्हेटला ६.५. साधे उघड्या तोंडाचे रिव्हेट इथे नकोत. स्ट्रक्चरल प्रकारचे घ्या, त्यात कांडी आत अडकून राहते आणि आडवा जोर ती पण घेते. लांबी ठरवताना टनेलचा पत्रा आणि बंपरची पट्टी एकत्र धरून व्हर्नियरने जाडी मोजा. डब्यावर त्या जाडीची मर्यादा लिहिलेली असते. लांब रिव्हेट घेतला की ताण बसत नाही, आखूड घेतला की मागची गाठ पुरती फुगत नाही. दोन्ही सैल होतात.

तेराचा पाना

काढण्याची पद्धत शंभर टक्के मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. कारखाना रिव्हेट वापरतो कारण तिथे हवेच्या बंदुकीने एका बाजूने काम उरकतं आणि वेळ वाचतो. घरी ही सोय नाही. १/४ इंची स्ट्रक्चरल रिव्हेट साध्या हाताच्या रिव्हेटरने ओढून बघा, मनगट जातं आणि रिव्हेट अर्धा ओढलेला राहतो. त्याला लांब दांड्यांचा रिव्हेटर लागतो. म्हणजे एका बंपरसाठी आणखी एक हत्यार विकत घेणं आलं. बजेट हा विषय असेल तर हे मोजायला हवं.

दुसरं, बंपर ही पुन्हा वाकणारी वस्तू आहे. ट्रेलरवरून उतरवताना, झाडाच्या बुंध्याला मागे घेताना. दर वेळी आठ-दहा रिव्हेट ड्रिल करायचे म्हणजे दर वेळी भोक थोडं मोठं होणार. एम६ चा (६ मिमी जाडीचा) बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा), दोन्ही बाजूंना रुंद वॉशर: दहाच्या पान्याने दहा मिनिटांत सुटतो.

हिमरेषा

बोल्टवाल्यांनी एकदा गाडी उचलून टनेलच्या आत हात घालून बघावं. तिथे पट्टा फिरतो. डोंगरातल्या गाड्यांच्या पट्ट्याची पाती अडीच-तीन इंच उंच असतात, आणि सस्पेन्शन दबलं की पट्टा आणखी जवळ येतो. बोल्टचा सेंटिमीटरभर शेपूट आत राहिला तर पाती कापली जातात. पट्टा बंपरच्या कितीतरी पट महाग आहे.

आणि रिव्हेट-बोल्टच्या आधीचा धोका दोघांनीही सांगितला नाही, तो हीट एक्स्चेंजर, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणारा कूलर. पाण्यावर थंड होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत कूलंट टनेलच्या छताखालून थेट मागपर्यंत जातं. ड्रिल एक इंच जास्त गेलं की कूलंटमधलं ग्लायकॉल जमिनीवर, आणि मग घरचं काम दुकानात. ड्रिल लावण्याआधी खालून हात फिरवा. गुळगुळीत पत्रा लागला तर ठीक, कंगव्यासारख्या उभ्या पट्ट्या लागल्या तर तो कूलर. बिटवर लाकडाचा छोटा ठोकळा भोक पाडून चढवा आणि टोक फक्त ६ ते ८ मिमी बाहेर ठेवा. चिकटपट्टीची खूण पुरत नाही, ती फक्त आपण किती आत गेलो ते सांगते, बिटला अडवत नाही. पंख्यावर थंड होणाऱ्या गाडीत हा प्रश्न नाही.

सांडलंच तर कुत्र्या-मांजरांना आधी लांब बांधा. ते गोड लागतं आणि जीव घेतं.

जुनं ते सोनं

मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. नवीन बंपर घ्यायचाच कशाला? अमेरिकेत बाजारातला अॅल्युमिनियमचा बंपर साधारण शंभर ते अडीचशे डॉलरला पडतो. वाकलेला बंपर काढा, सरळ करा, तडा असेल तिथे वेल्डिंग मारा, रंग द्या. खर्च रंगाच्या डब्याचा.

उत्तरवारा

नळी कशाची आहे त्यावर आहे. चुंबक लावा. चिकटला तर पोलाद आहे, तुमचं म्हणणं लागू. नाही चिकटला तर अॅल्युमिनियम, बहुतेक ६०६१-टी६ (उष्णता देऊन कडक केलेला मिश्रधातू). ते थंड अवस्थेत वळवून परत सरळ करताना बाकाच्या आतल्या-बाहेरच्या अंगाला केसासारखे तडे जातात, रंगाखाली दिसतही नाहीत. आणि वेल्डिंग केलं की सांध्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यातली टी६ ची ताकद जवळपास निम्मी होते. वेल्ड सुंदर दिसतो, नळी त्याच्या शेजारी मोडते. जिथे दोन माणसं जोर लावून गाडी उचलणार तिथे हे नको.

जुनं ते सोनं

पोलादापुरतं बोलतो मग. जुन्या गाड्यांत पोलादी बंपर भरपूर आहेत. सरळ करताना नळी चेपू नये म्हणून आत कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारा. वाळू ओली असेल आणि तुम्ही नळी तापवलीत तर वाफेने बूच उडतं, म्हणून आधी वाळू तव्यावर भाजून घ्या. लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये धरून हळूहळू दाब द्या, हातोडी नको. वेल्डिंग नेहमी बंपर गाडीवरून काढूनच. गाडीवर करायचीच वेळ आली तर बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचे) कनेक्टर सोडवल्याशिवाय नाही.

आणखी एक. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबिलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं, उत्तर अमेरिकेत २०२५ चं मॉडेल शेवटचं. अशा गाड्यांचे सुटे भाग पुढे सोपे राहणार नाहीत. म्हणून जुना भाग सरळ टाकून देऊ नये, आणि भंगारातून मिळाला तर त्याच जातीचा आणून ठेवावा.

तेराचा पाना

हिमरेषा, बोल्टचा शेपूट आत ठेवायचाच नाही. बोल्ट आतून बाहेर घालायचा. चपट्या गोल डोक्याचा, ज्याला बटण-हेड म्हणतात, तो आतल्या बाजूला. नट आणि आट्यांचं टोक बाहेर. आत राहतं ते तीन-साडेतीन मिमी डोकं आणि वॉशर. फुगलेल्या रिव्हेटची गाठ त्याहून जास्त आत येते.

लोक चुकतात ते दुसरीकडे. बोल्ट बंपरच्या नळीतून आरपार जात असेल तर आत बुश हवा, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा कापलेला पाइपचा तुकडा. बुश नसेल तर नट आवळताना नळी चेपत जाते, ताण कधीच धरत नाही आणि माणूस आवळतच राहतो. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, एम६ ला एरवी १० न्यूटन-मीटर चालतो, पातळ पत्र्यावर आणि आट्यांना ग्रीस असताना ७-८ वर थांबा.

हिमरेषा

बटण-हेड आत असेल तर पट्ट्याची हरकत मागे घेते. गंजाची घेत नाही. स्टेनलेसचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या पत्र्यात आणि त्यावर ट्रेलरवरून जाताना रस्त्यावरचं मिठाचं पाणी. दोन सीझनमध्ये वॉशरच्या कडेने पांढरी भुकटी फुटते. ती पुसून बघा, खालचा पत्रा खाल्लेला असतो. रिव्हेटचं अंग अॅल्युमिनियमचं घेतलं तर ही जोडी बरीच टळते.

तेराचा पाना

बरोबर आहे, म्हणून कोरडा बोल्ट लावायचा नाही. भोकाच्या कडेला प्रायमर, बोल्टच्या अंगाला अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप), आणि वॉशरखाली नायलॉनची चकती. गॅल्व्हनाइज्ड किंवा झिंक चढवलेला बोल्ट स्टेनलेसपेक्षा इथे बरा, तो आधी स्वतः खपतो. दर वसंतात धुताना बघायचा आणि खराब दिसला तर बदलायचा. एक बोल्ट काही सेंटला मिळतो. तुमचा रिव्हेट आतून सैल झालाय की नाही हे मात्र बाहेरून कळत नाही.

हिमरेषा

कळतं. सैल रिव्हेटच्या टोपीभोवती काळपट करडी पूड जमते, वाऱ्याच्या दिशेने शेपटीसारखी ओढलेली. धातू धातूवर घासून ती पडते. बोटावर घ्या, ग्रॅफाइटसारखी लागते. धुतल्यावर शंभर किलोमीटरमध्ये ती परत दिसली तर तो रिव्हेट काम करत नाही. विमानाच्या पत्र्यावर काम करणारेही हीच खूण बघतात.

ही पूड असलेल्या भोकात नवीन ३/१६ घालू नका. भोक लंबगोल झालेलं असतं. ६.५ मिमीचं करून १/४ घाला, पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान अर्धा इंच, म्हणजे व्यासाच्या दुप्पट अंतर उरतंय का ते आधी मोजा. उरत नसेल तर आतून ३ मिमीच्या अॅल्युमिनियमची पट्टी लावून नवी भोकं थोडी पुढे घ्या.

काजवा

सगळे बंपरवर अडकलात, स्नो फ्लॅपचं काय? पैसे वाचवायला लोक तो तसाच सोडून देतात, किंवा छान दिसतं म्हणून कापून आखूड करतात. पट्ट्याने मागे फेकलेला बर्फ तो फ्लॅप परत टनेलच्या आत, कूलरवर वळवतो. फ्लॅप गेला की कडक बर्फाच्या ट्रेलवर तापमानाचा दिवा लागतो आणि माणूस थर्मोस्टॅट बदलत बसतो. शिवाय खिळे लावलेल्या पट्ट्यातून खडे मागच्या गाडीवर उडतात. फ्लॅपला मोठ्या टोपीचे रिव्हेट लावा, आणि मागून वॉशर. थंडीत प्लास्टिक कडक होतं, लहान टोपी त्यातून आरपार निघून येते.

दिव्याच्या वायरी बंपरखाली चिमटल्या जातात हे दुसरं. बंपर आवळण्याआधी वायर ओढून पाहा, सरकली पाहिजे. तुटलेली असेल तर पीळ मारून टेप गुंडाळू नका, डाख लावा आणि आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा. ड्रिलचा कीस कनेक्टरमध्ये जाऊ नये म्हणून सुरुवातीलाच त्यावर पिशवी बांधा.

उत्तरवारा

काजवा, फ्लॅपचं मी दोन शब्दांत उरकलं होतं, ती चूक झाली.

तेराचा पाना यांच्या बुशच्या मुद्द्यावर मत बदलतो. नळीतून आरपार जायचं तिथे बोल्टच, बुश घालून. पण टनेलच्या पत्र्यावर पट्टी सपाट बसते त्या भोकांत अजूनही रिव्हेट. कारण बोल्ट आणि त्याचं भोक यांत नेहमी थोडी फट असते, रिव्हेट ओढला की भोक भरून फुगतो. उचलताना सगळा जोर आडवा येतो, आणि सगळे रिव्हेट एकाच वेळी तो वाटून घेतात. फटीतले बोल्ट सैल पडले की पहिला एकटाच झेलतो, त्याचं भोक लंबगोल होतं, मग दुसऱ्याची पाळी.

लावायचा क्रमही सांगतो, तो कोणी सांगितला नाही. सगळी भोकं जुळवून १० नंबरचे स्क्रू नुसते घालून ठेवा, ते ४.९ च्या भोकात बसतात. मग एक स्क्रू काढा, एक रिव्हेट ओढा, आणि लगेच समोरच्या बाजूला जा. एका बाजूने सगळे ओढत गेलात तर शेवटची दोन भोकं अर्ध्या मिमीने सरकलेली मिळतात आणि तिथे माणूस भोक कानसून मोठं करतो.

तेराचा पाना

फटीचं गणित मला मान्य आहे, पण आवळलेला बोल्ट आडवा जोर अंगावर घेतच नाही, पत्रा-पट्टीतलं घर्षण घेतं. म्हणून टॉर्क महत्त्वाचा आणि म्हणून पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा. तो लावणार नसेल अशा माणसाने तुमचं ऐकून रिव्हेट मारावेत.

हिमरेषा

नवीन बंपर मागवण्याआधी एक माप घ्या: टनेलच्या दोन भिंतींमधलं अंतर, अगदी शेवटी आणि तिथून एक फूट पुढे. फरक ४-५ मिमीपेक्षा जास्त असेल तर बंपर नाही, टनेल वाकलंय. मग नवा बंपर ओढूनताणून बसवला तर तो ताण जोडांवर कायमचा राहतो, ते रिव्हेट असोत की बोल्ट. भिंत बाहेर आली असेल तर दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावून सी-क्लॅम्पने रोज थोडी आत घ्या. पत्र्याला तडा दिसला तर तड्याच्या अगदी टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही, आणि मग त्यावर पट्टी.

आणि हे सगळं करताना गाडी बंपरच्या जॅकवर नसणार, कारण बंपरच नाही. दोन्ही बाजूंच्या पाय ठेवायच्या पायऱ्यांच्या खालून आडवी जाड फळी घालून तिच्याखाली ठोकळे द्या, चाळीस सेंटिमीटर उंची पुरते. स्कीच्या पुढे पाचर ठोका.