पाठ झालेला रस्ता आणि बदललेला ऋतू (अनुभव धागा)

२२ किलोमीटर जायला, २२ यायला. नऊ वर्षं तोच रस्ता आणि तीच मोटरसायकल (क्लच प्लेट दोनदा बदलली, गाडी तीच). कुठे खड्डा, कुठे कुत्रं मागे लागतं, कुठल्या वळणावर सकाळी ओल असते, सगळं तोंडपाठ. त्या तोंडपाठपणानेच मागच्या महिन्यात घात होता होता राहिला, म्हणून हा धागा काढतोय.

वाटेत एक चौफुली आहे. एरवी लांबूनच चारी बाजू दिसतात, त्यामुळे मी तिथे वेग कमी करत नसे. यंदा दोन्ही अंगांना मका होता. मका काही एका रात्रीत वाढत नाही, थोडा थोडा चढतो, आणि रोज जाणाऱ्याला तेवढा फरक कळत नाही. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. मका दोन-अडीच मीटर होतो. म्हणजे कुठल्यातरी आठवड्यात पीक माझ्या डोळ्यांच्या वर गेलं आणि मी मात्र आठवणीतल्या मोकळ्या चौफुलीतून ६० च्या वेगाने जात राहिलो. त्या दिवशी उजवीकडून एक जीप थेट बाहेर आली. ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं, आणि तिच्या बंपरपासून हातभर अंतरावरून मी कसाबसा पार झालो. जीपवाला थांबलासुद्धा नाही. त्याला घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

घरी येऊन हिशेब मांडला. ६० ला सेकंदाला १६-१७ मीटर. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-सव्वा सेकंद, म्हणजे वीसेक मीटर तसेच गेले. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीस. झाले ४०. आणि मका उभा असताना त्या चौफुलीवर मला आडवा रस्ता दिसतो तो जेमतेम १५ मीटर आधी! हे गणित जुळवायचं तर वेग ३० वर आणावा लागतो. आता आणतो. शिवाय पिकाच्या शेंड्यांवरून धूळ उठलेली दिसते का ते बघतो. रात्री तर सोपं आहे, येणाऱ्या गाडीचा उजेड तुऱ्यांवर आधी पडतो.

तुमचेही अनुभव लिहा. हाड मोडलंच पाहिजे असं नाही, काळजात धस्स झालं असेल तरी चालेल.

सावलीकडे बघा

माझी सकाळची ड्यूटी सातला सुरू होते. दवाखाना पूर्वेला, घर पश्चिमेला. म्हणजे जाताना सूर्य डोळ्यांत आणि संध्याकाळी येतानाही डोळ्यांतच. (घर बघताना हे कोणाच्या लक्षात येतं!) बाराही महिने हा त्रास नसतो, कारण सूर्य उगवण्या-मावळण्याची जागा क्षितिजावर सरकत असते. २१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपास तो बरोबर पूर्वेला उगवून बरोबर पश्चिमेला मावळतो. माझा रस्ता सरळ पूर्व-पश्चिम, त्यामुळे त्या दिवसांत तो रस्त्याच्या टोकाला डांबरावर आणून ठेवल्यासारखा दिसतो. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरायची, एका बोटाला साधारण पाव तास. घरी निघताना दोनच बोटं उरली असतील तर मी दवाखान्यातच बसते आणि अर्ध्या तासाने निघते.

रात्रपाळीला सगळं उलटं होतं, दोन्ही वेळेला सूर्य पाठीशी. मला वाटलं, सुटले. मला समोरचं पानन् पान स्वच्छ दिसत होतं. समोरून एक टेम्पो पुढच्या गाडीला मागे टाकायला म्हणून सरळ माझ्या बाजूला आला, आणि आलाच. मी खाली मातीत उतरले म्हणून वाचले. नंतर उमगलं की त्याच्या डोळ्यांत सूर्य होता आणि मी त्या सूर्याच्या पोटात. माझी लांबलचक सावली नेमकी त्याच्याकडे पडली होती. तेव्हापासून सावली ज्याच्याकडे पडते त्याला मी दिसत नाही असं धरून चालते.

काच

वरच्या ताईंच्या अनुभवात एक भर. सूर्य समोर असताना निम्मा दोष आपल्या हेल्मेटच्या काचेचा असतो. धूळ बसलेली काच हातमोज्याने कोरडी पुसली की बारीक ओरखडे पडतात, आणि समोरून उजेड आला की प्रत्येक ओरखडा चमकायला लागतो. किडे चिकटले असतील तर ओला कपडा दहा मिनिटं काचेवर ठेवायचा, ते आपोआप सुटतात. पेट्रोलने पुसू नका, प्लास्टिकची काच खराब होते. हे मला सांगणारं कोणी नव्हतं, एक काच घालवून शिकलो.

दुसऱ्या बाजूनं

मी मोटरसायकलवाला नाही. हंगामात हार्वेस्टर चालवतो, एरवी ट्रॅक्टर. तुमच्यात घुसतोय, माफी असावी.

ट्रॉली भरली की मला मागचं काही म्हणता काही दिसत नाही. आरशात नुसती ट्रॉलीच. वैरण बाहेर आली असेल तर मागचा दिवा पण झाकला जातो. ती चूक आमचीच. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मला उजवीकडं शेतात वळायचं असलं तर आधी मी डावीकडं घेतो, कारण लांब ट्रॉली त्याशिवाय फाटकात शिरत नाही. मागच्याला वाटतं, यानं वाट दिली. तो उजवीकडून गाडी काढतो आणि मी तिकडंच वळतो. असं दोनदा झालंय. एकदा पोरगा ट्रॉलीच्या चाकापाशी येऊन थांबला, माझे पाय लटलट कापत होते. तेव्हा ट्रॅक्टर उगाच बाजूला गेला तर आधी शेताचं फाटक कुठं आहे ते बघा.

मळणी चालू असते तेव्हा धूळ-भुसा रस्त्यावर येतो. तो ढग दिसला की त्यात मी आहे असं समजायचं, आणि माझं यंत्र निम्म्याहून जास्त रस्ता व्यापतं हेही समजायचं. ढगातून जोरात निघून जाऊ म्हणणारे लई बघितले. आणि ढग संपला तरी पुढं चाकांची माती पडलेली असते.

ट्रकचा लाल दिवा

धुकं. मी चष्मेवाला, त्यामुळे आधी हेल्मेटची काच धुरकटते, मग चष्मा, आणि मग मी स्वतः. काच एक खाच उघडी ठेवतो, थंडी वाजली तर वाजली. अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत, कारण धुक्याचे थेंब उजेड परत तोंडावर फेकतात. डिपरच बरा.

पण मुख्य किस्सा असा. पहाटे एका ट्रकचा मागचा दिवा धरून चाललो होतो. छान चाललं होतं. ट्रक वळला, मी वळलो. ट्रक थांबला, मी थांबलो. बघतो तर एका वीटभट्टीचं आवार! ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "तुमच्या किती विटा?"

हसू येतं, पण तो दिवा एखाद्या खड्ड्यात गेला असता तर मीही मागोमाग गेलो असतो. एक आणखी: सूर्य उगवला की धुकं विरेल म्हणून घाईने निघू नका. उगवल्यावर थोडा वेळ ते कधीकधी आणखी दाट होतं. ओढ्याच्या खोलगट भागात तर सगळ्यात शेवटी निघतं.

पिवळं जॅकेट

बायकोच्या आग्रहाने भडक पिवळं जॅकेट घेतलं. तीच एक दिवस मागून कारने येत होती. घरी येऊन म्हणाली, "मधे तुम्ही गायबच झालात." त्या पट्ट्यात दोन्हीकडे सूर्यफूल फुललं होतं. पिवळ्यात पिवळं! रंग भडक असून भागत नाही, मागच्या रंगापासून तो सुटून दिसावा लागतो. आता काळ्या पँटवर नारिंगी जॅकेट आहे.

फ्लुओरोसंट कपडा उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, म्हणून दिवसा आणि ढगाळ संध्याकाळी त्याची किंमत. रात्री तो साधा कपडा. रात्री काम करते ती उजेड परतवणारी चंदेरी पट्टी, आणि तीही समोरच्याचा दिवा तिच्यावर पडला तरच. लाल रंगावर तर विसंबूच नका. उजेड कमी झाला की डोळ्याला सगळ्यात आधी लालच काळपट दिसायला लागतो.

पावसाळा, थोडक्यात

साचलेलं पाणी म्हणजे खोली न लिहिलेला खड्डा. मी पुढच्या चारचाकीचं चाक किती बुडतं ते बघतो. पुढे कोणी नसेल तर वाट बघतो. बास.

मोकळं रान

पीक कापलं की धोका गेला असं वाटणाऱ्यांसाठी. मी काही वर्षं जहाजावर होतो. तिथे पहिल्याच दिवसांत शिकवतात: दुसरं जहाज तुम्हाला सतत एकाच दिशेला दिसतंय आणि मोठं होत चाललंय, तर टक्कर होणार. सपाट रानात काटकोनात येणाऱ्या दोन रस्त्यांवर अगदी हेच घडतं. दोघांचे वेग जुळले तर समोरची गाडी नजरेत जागची हलतच नाही, आणि जे हलत नाही त्याची डोळा दखल घेत नाही. कारच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड अख्खी मोटरसायकल मावते, आणि वेग जुळलेले असतील तर ती शेवटपर्यंत तिथेच बसून राहते. मैलभर मोकळ्या रानात, लख्ख उन्हात, एक कार मला "अचानक" दिसली ती अशी. आता चौक जवळ आला की मी वेग जरा बदलतो आणि मान पुढे-मागे करतो. लांबून बघणाऱ्याला मी वेडा वाटत असेन.

हरणं

कापणीनंतरचा आणखी एक धोका. पिकात लपणाऱ्या जनावरांचा आडोसा जातो आणि ती तिन्हीसांजेला रस्ता ओलांडायला लागतात. एक हरीण गेलं म्हणून गाडी पुढे घेतली, दुसऱ्याने मला पाडलं. गुडघ्यात अजून सळई आहे. एक दिसलं की आणखी आहेत असं धरून थांबा.

धागाकर्त्याकडून

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. ट्रॅक्टरवाल्या दादांचे विशेष आभार, आमची बाजू आम्हीच मांडत असतो.

काल आमच्या चौफुलीवरचा मका कापला. आज सकाळी मुद्दाम थांबून चारी रस्ते चालत पाहिले. उजवीकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला धाटांमध्ये एक खांब उभा होता आणि त्याच्यावर 'थांबा'ची लाल पाटी, माझ्या छातीइतक्या उंचीवर. सगळा हंगाम ती मक्याच्या आत होती. जीपवाल्याला ती दिसणं शक्यच नव्हतं, आणि नऊ वर्षांत ती तिथे आहे हे मलाही माहीत नव्हतं.