मदत हवी आहे: फुकट वेळ देणारे कोच टिकवायचे कसे?

मुलांच्या फुटबॉलचं बघतो. ८ ते १२ वयोगट, ४ टीम, कोच सगळे पालकच, विनामानधन. सीझन संपला की निम्मे गळतात; स्वतःचं मूल वरच्या गटात गेलं की तेही त्याच्यामागे. सत्कार, टी-शर्ट देऊन झालं, फरक शून्य. एकाने जाताना स्पष्टच सांगितलं, "सराव घ्यायला आवडतो हो, पण रात्री ११ वाजता 'माझ्या मुलाला बाहेर का बसवलं?' हे मेसेज नकोत." (खरं आहे, मीही वाचलेत.) म्हणून हजेरी आणि पालकांशी बोलणं कोचकडून काढून घ्यायचा विचार आहे. मानधन शक्य नाही, दिवसभराच्या शिबिराला कुणी येणार नाही. ज्यांचे कोच ३-४ वर्षं टिकलेत, त्यांनी ही कामं कुणाला दिली? आणि मूल टीममधून गेल्यावरही कुणी थांबलं असेल, तर कशामुळे?